सव्वाचार इंचांची गल

भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीत, वऱ्हाळा तलावाच्या काठी वसलेल्या कामतघरात राहणाऱ्या माणसाने गोल्फच्या खेळात सुधारणा कशी करावी याविषयी चार शब्द सांगण्यास सरसावावे, यात काही विसंगती आहे हे मला मान्य आहे. अठरा गलींचे रीतसर मैदान म्हटले की शंभर-दीडशे एकर जमीन लागते. आणि येथे तर यंत्रमागाच्या शेडी, चाळी, नव्या इमारती आणि काल्हेर-पूर्णाच्या बाजूस पसरत गेलेली गुदामे यांच्यामध्ये विटीदांडूपुरती मोकळी जागा शोधतानाही मुलांना कोणाचा तरी ओरडा खावा लागतो. खेळायचेच झाले तर अंजूरफाट्यावरून काल्हेर, कशेळीचा पूल, ठाणे असे करीत चेंबूरपर्यंत जावे, जेथे १९२७ साली स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान आहे, पण ते सभासदांचे. किंवा त्याहून पुढे सिडकोने उभारलेले खारघरचे मैदान गाठावे, जेथे सभासद नसलेल्यासही शुल्क भरून प्रवेश मिळतो. म्हणजे एका दिवसाच्या खेळासाठी जाऊन-येऊन अर्धा दिवस रस्त्याच्या खाती जमा. तरीही मी हे प्रकरण लिहीत आहे, कारण या खेळातील बहुतेक सुधारणा मैदानावर होत नाही, मैदानावर तिची केवळ मोजणी होते, असे माझे मत अनुभवांती बनले आहे.

मी येथे मुद्दामच गल हा शब्द वापरतो. गोट्या खेळणाऱ्या मुलास जमिनीत टाचेने कोरलेली गल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, आणि गोल्फचे सारे वैभव अखेर तशाच एका गलीपाशी येऊन संपते. तिचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. १८२९ साली स्कॉटलंडातील मुसेलबर्ग येथे गल पाडण्याचे जे अवजार तयार झाले त्याचे हे माप. पुढे १८९१ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या मातब्बर संस्थेने ते नियमात दाखल केले आणि तेव्हापासून जगभर तीच वहिवाट चालू आहे. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नसावा आणि वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक नसावे, असे कलम आहे. सरळ हिशेब केला तर गलीच्या तोंडात दोन चेंडू शेजारी शेजारी मावून वर एका बोटाएवढी जागा उरते. इतकी ऐसपैस गल आणि ती चुकते कशी, असे प्रथम पाहणाऱ्यास वाटते. स्वतः खेळू लागल्यावर वाटेनासे होते.

आपल्या मुलखास हा खेळ नवा नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. कलकत्त्यास १८२९ मध्ये आणि मुंबईस १८४२ मध्ये गोल्फच्या संस्था निघाल्या होत्या, म्हणजे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली त्याच्या अकरा वर्षे आधी मुंबईत साहेब लोक चेंडूमागे काठी घेऊन हिंडत होते. नाशकात तर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला जुनी माणसे अजून गोल्फ क्लबचे मैदान म्हणूनच ओळखतात. खेळ गेला, क्रिकेट आले, नाव मात्र दफ्तरातून पुसले गेले नाही.

परंतु मला आपल्या वाचकांसमोर जो आदर्श ठेवावयाचा आहे तो साहेबाचा नाही. चेंबूरच्या त्या मैदानालगतच्या झोपडवस्तीत राहणारी, मैदानावर सभासदांच्या काठ्यांची पिशवी वाहणारी मुले, ज्यांना या खेळाच्या भाषेत कॅडी म्हणतात, त्यांनी आपल्या गल्लीबोळांतच एक गोल्फ निर्माण केला. बांधकामावरची लोखंडी सळई वाकवून तिची काठी करावयाची, चेंडू प्लॅस्टिकचा घ्यावयाचा, आणि घरांच्या ओळींमधून, उघड्या गटारावरून, पत्र्यांच्या छपरांना चुकवीत तो जमिनीत खणलेल्या गलीपर्यंत न्यावयाचा. परदेशी छायाचित्रकारांनी त्याची चित्रे काढली तेव्हा जगाला त्याचे कौतुक वाटले ते दारिद्र्यातील जिद्द म्हणून. मला त्यात त्याहून अधिक काही दिसते. जेथे दोन भिंतींमधील अंतर तीन पावलांचे आहे तेथे जोराला किंमतच नाही. तेथे चेंडू किती उंच उडेल, कोठे टेकेल आणि टेकल्यावर किती घरंगळेल या तीन प्रश्नांची उत्तरे फटका मारण्यापूर्वी देता आली पाहिजेत. हौशी गोल्फर वर्षानुवर्षे पैसे मोजून जे शिकत नाही, ते या मुलांना त्यांच्या गल्लीने सक्तीने शिकवले.

आता मुद्द्याकडे वळतो. सुधारणेचा आरंभ काठीने करू नये, वहीने करावा. भिवंडीत कोणत्याही यंत्रमागवाल्याच्या गादीवर जा. सूत किती आले, कापड किती निघाले, नासाडी किती झाली याची रोजकीर्द तेथे असतेच, आणि तोटा कोठे होतो हे त्याला ठाऊक असते. गोल्फ खेळणारा मात्र घरी येऊन एकच आकडा सांगतो: आज एकशे सात झाले. हे एकशे सात कोणत्या खाती पडले, हे विचारले तर तो एखाद्या सुंदर फटक्याची हकीकत सांगू लागतो. मी स्वतः पहिल्यांदा पूर्ण अठरा गली खेळलो तेव्हा एकशे एकवीस फटके झाले होते, आणि माझी प्रामाणिक समजूत अशी होती की माझा दोष लांबच्या फटक्यात आहे. म्हणून मी एक लांब दांड्याची, मोठ्या डोक्याची काठी उसनवारी करून घेतली. पुढच्या खेपेस वही बरोबर नेली. वहीने निकाल दिला तो असा: त्रेचाळीस फटके हिरवळीवर, म्हणजे गलीभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू ढकलण्यात गेले होते, आणि चौदा फटके हरवलेल्या व पाण्यात गेलेल्या चेंडूंच्या दंडात. म्हणजे जवळजवळ निम्मी रक्कम अशा खात्यांत बुडाली होती ज्यांची मी कधी चौकशीच केली नव्हती. ती उसनी काठी मी परत केली.

वहीला पाच रकाने पुरेत. पहिल्यात सुरुवातीचा फटका खेळण्याजोग्या जागी पडला की नाही. दुसऱ्यात हिरवळीकडे मारलेला फटका हिरवळीवर राहिला की अलीकडे-पलीकडे गेला. तिसऱ्यात हिरवळीच्या आसपासच्या चाळीस पावलांतून किती फटके लागले. चौथ्यात हिरवळीवर किती. आणि पाचव्यात दंड. चार-पाच खेपांनंतर खतावणी केली की आपला खेळ आपल्यासमोर उघडा पडतो. यात लाज वाटण्यासारखे पुष्कळ निघते, पण ते आपल्याच वहीत राहते.

येथे एक जुना समज तपासून घेतला पाहिजे. गोल्फमध्ये आखूड फटकाच सर्वस्व आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. मार्क ब्रॉडी या अमेरिकन प्राध्यापकाने व्यावसायिकांच्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासून २०१४ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात असे दाखवून दिले की उत्तम आणि मध्यम व्यावसायिक यांच्यातील फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. त्यांच्या गणिताशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. परंतु महिन्यातून एकदा मैदान पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना लांब फटक्याचा सराव करण्यास जागाच नसते, आणि आखूड फटका मात्र गच्चीवर करता येतो. ज्या शेताला पाणी पोहोचते तेच आधी पेरावे. शिवाय २०२१ मध्ये भरलेल्या तोक्यो ऑलिंपिकचे उदाहरण समोर आहे. बंगळूरची अदिती अशोक त्या स्पर्धेत चेंडू कमी अंतर मारणाऱ्यांपैकी होती. बरोबरीच्या खेळाडू चेंडू तिच्या कितीतरी पुढे टाकीत असता ती केवळ हिरवळीवरच्या अचूकपणावर चार दिवस टिकून राहिली आणि एका फटक्याने कांस्यपदक हुकून चौथी आली.

काठी धरण्याविषयी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. (काठीलाही क्लब आणि संस्थेलाही क्लब, असा घोळ इंग्रजांनी करून ठेवला असल्याने मी काठीच म्हणणार.) उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा हात वर व उजवा खाली ठेवावा, काठी तळहाताच्या मध्यात न घेता बोटांच्या मुळाशी तिरपी घ्यावी, वरून पाहता डाव्या हाताची दोन पेरे दिसावीत आणि उजव्या हाताची करंगळी डाव्याच्या तर्जनीवर विसावावी, ही पद्धत हॅरी व्हार्डन याने रूढ केली; १८९६ ते १९१४ या काळात त्याने ब्रिटिशांची खुली स्पर्धा सहा वेळा जिंकल्यामुळे तिला शास्त्रवचनाचा मान मिळाला. पकड किती घट्ट असावी? घोलवडचा पिकलेला चिकू हातात धरावा इतकी. तो निसटू नये आणि दबूही नये. नवशिक्याचे दहापैकी सात दोष या एका गोष्टीत असतात, कारण मूठ आवळली की मनगट आवळते, मनगटापाठोपाठ खांदा, आणि मग चेंडूच्या ऐवजी जमिनीवर प्रहार होतो.

तथापि शास्त्रवचनालाही अपवाद असतो, आणि तो आपल्याच रक्ताचा आहे याचे मला अप्रूप वाटते. दक्षिण आफ्रिकेतील दरबानचा, हिंदी वंशाचा, पापवा सेवगोलम नावाचा एक कॅडी कोणाच्याही शिकवणुकीवाचून खेळ शिकला आणि त्याचे हात जन्मभर उलटे राहिले. उजवा वर, डावा खाली. त्या उलट्या हातांनी त्याने १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीन वर्षे हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. १९६३ साली त्याने आपल्याच गावी नाताळ प्रांताची खुली स्पर्धा जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता. गोरे खेळाडू आत कोरडे बसले होते आणि विजेत्याने आपला करंडक बाहेर पावसात उभे राहून घेतला. १९६५ मध्ये त्याने पुन्हा तीच स्पर्धा जिंकली, आणि त्या वेळी पराभूतांत गॅरी प्लेयर होता. यावरून वाचकाने हात उलटे करावेत असे माझे म्हणणे नाही. ज्याची पकड विचित्र पण नेहमी एकसारखी आहे त्याने ती मोडण्यापूर्वी शंभरदा विचार करावा, इतकेच मला सुचवायचे आहे.

चेंडू कोठे जातो हे कशावर ठरते, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गहन आहे. काठीचे पाते आणि चेंडू यांचा सहवास सेकंदाच्या सुमारे दोन-हजाराव्या भागाइतका असतो. तेवढ्या अवधीत माणसाला काहीही दुरुस्त करता येत नाही, जे व्हावयाचे ते आधीच ठरलेले असते. पूर्वी अशी शिकवण होती की काठी ज्या दिशेने फिरली त्या दिशेने चेंडू निघतो आणि पाते ज्या दिशेस तोंड करून असेल तिकडे तो मग वळतो. रडारच्या साहाय्याने फटके मोजता येऊ लागल्यावर हे जवळजवळ उलटे ठरले: चेंडूच्या प्रस्थानाची दिशा शंभरातील पंचाहत्तर ते पंच्याऐंशी भाग पात्याच्या तोंडावर अवलंबून असते, आणि पाते व काठीचा मार्ग यांच्यात जी तफावत असेल तिच्यामुळे तो पुढे हवेत वळण घेतो. उजव्या हाताच्या नवशिक्याचा चेंडू सुरुवातीस डावीकडे निघून मग उजवीकडे केळ्यासारखा वळतो, याचा अर्थ आता सांगता येतो: काठी बाहेरून आत कापत आली, आणि पाते त्या मार्गाच्या मानाने उघडे राहिले. तो बिचारा चेंडू उजवीकडे जातो म्हणून आणखी डावीकडे रोख धरतो, त्यामुळे काठी आणखी आडवी कापते आणि वळण वाढते. चेंडूच्या प्रस्थानाची दोन अंशांची चूक एकशे ऐंशी मीटरवर सहा मीटरांहून अधिक होते, वळणाचा भाग निराळाच.

यावरचा उपाय एका वेळी एकच. मागात दोष आला की चांगला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, एक पेच फिरवतो, चार हात कापड विणू देतो, पाहतो, आणि मगच दुसऱ्या पेचाला हात लावतो. कच्चा जॉबर एकदम तीन पेच फिरवतो आणि दोष गेला तरी कशाने गेला हे त्याला कळत नाही. गोल्फचा हौशी खेळाडू बहुधा कच्चा जॉबर असतो. आठवड्यास एकच गोष्ट धरावी: आधी पकड, मग पायांची व खांद्यांची रेषा लक्ष्याला समांतर आहे की नाही हे जमिनीवर दोन सरळ काठ्या ठेवून पाहणे, मग पात्याचे तोंड. बाकी सारे त्या आठवड्यापुरते तहकूब.

लयीविषयी मला येथील एक गंमत सांगावीशी वाटते. निष्णात खेळाडूंच्या चित्रफिती मोजून पाहता असे आढळले आहे की काठी मागे नेण्यास जितका वेळ लागतो त्याच्या सुमारे एक-तृतीयांश वेळात ती खाली चेंडूपर्यंत येते. काही जण चपळ, काही संथ, परंतु तीनास एक हे प्रमाण बहुतेकांत सारखेच. हे प्रमाण मनात कसे ठेवावे याचा विचार करीत मी एकदा तलावाच्या कडेने चाललो होतो, बाजूच्या शेडीतून यंत्रमागांचा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा फेकणारा एकसुरी खडखडाट ऐकू येत होता, आणि अकस्मात ध्यानात आले की उत्तर आपल्या गावाच्या नावातच आहे. का, म, त म्हणत काठी मागे न्यावी. घर म्हणताना चेंडूवर आणावी. तीन मात्रा वर, एक मात्रा खाली. मनातल्या मनात म्हटल्यास उत्तम, कारण मोठ्याने म्हटल्यास बरोबरचे खेळाडू पुढील वेळी बोलावीत नाहीत. ज्यांना घाई करण्याची खोड आहे त्यांचा फटका या एका उपायाने सुधारलेला मी पाहिला आहे, आणि त्यांत मी स्वतः आहे.

आता गच्चीवर चला. सामान असे: एक जुनी सात नंबरची लोखंडी काठी, एक अधिक कलती काठी जिला वेज म्हणतात, एक ढकलण्याची काठी म्हणजे पटर, डझनभर प्लॅस्टिकचे चेंडू, एक सतरंजी, एक परात. नियमाप्रमाणे पिशवीत १४ काठ्या ठेवता येतात, पण पहिली दोन वर्षे पाच-सहांहून अधिक काठ्या म्हणजे निर्णयाचा गोंधळ. जुन्या वापरलेल्या घ्याव्यात. भिवंडीत ग्रे कापडाला तोटा नाही; त्याची दुहेरी घडी दोरीवर सैल टांगली की प्लॅस्टिकचा चेंडू अडवण्यास पडदा तयार होतो. खऱ्या चेंडूच्या वाटेला गच्चीवर जाऊ नये. मी एकदाच गेलो, आणि शेजारच्या गच्चीवरील तुळशीच्या कुंडीची भरपाई करून आलो.

परातीत चेंडू टाकण्याचा खेळ असा: सहा पावलांवर परात ठेवावी, सतरंजीवरून चेंडू उचलून तीत पाडावा, दहापैकी सहा पडू लागले की परात दोन पावले सरकवावी. वजन पुढच्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे, मनगटे मोडू द्यायची नाहीत, आणि काठी मागे जेवढी जाईल तेवढीच पुढे. नवशिक्या चेंडूला खालून उचलू पाहतो, हा त्याचा मोठा भ्रम आहे. उचलण्याचे काम पात्याच्या कलाकडे आहे, ते त्याचे त्याला करू द्यावे. मैदानावर याच फटक्यात एक व्यवहारज्ञान जोडावे: हिरवळीच्या बाहेरून चेंडू जमिनीलगत घरंगळवता येत असेल तर उंच उडवू नये. घरंगळवताना चुकलेला फटका गलीपासून चार पावलांवर राहतो, उडवताना चुकलेला फटका हिरवळ ओलांडून पलीकडच्या वाळूत जातो.

हिरवळीवरच्या ढकलण्याकडे वाचकाने सर्वाधिक लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. दोन मीटरवरून गलीचा मध्य साधताना दोन्ही बाजूंस दीड अंशाची मुभा असते, त्याहून चुकले की चेंडू कडेवरून निघून जातो. ब्रॉडीच्याच नोंदी सांगतात की जगातील श्रेष्ठ व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच चेंडू गलीत घालतात. नव्वदच्या आसपास खेळणारा हौशी पाच फुटांवरून निम्मे घालतो. तेव्हा आठ फुटांवरून हुकलेल्या चेंडूबद्दल कपाळाला हात लावणे हा अहंकाराचाच एक प्रकार समजावा. खरा तोटा लांबून होतो, जेथे पहिला चेंडू सहा फूट अलीकडे किंवा पलीकडे राहतो आणि दोनाऐवजी तीन लागतात. म्हणून लांबच्या अंतरावर दिशेपेक्षा वेगाला महत्त्व. डेव्ह पेल्झ या संशोधकाने प्रयोगांती असे ठरवले की चुकलेला चेंडू गलीपलीकडे सुमारे सतरा इंचांवर थांबेल इतका वेग सर्वांत फलदायी. अलीकडे राहिलेला चेंडू गलीत पडण्याची शक्यता अर्थातच शून्य. घरातील फरशीवर याचा सराव असा करता येतो की भिंतीपासून एका वितीवर सुतळी आडवी ठेवावी, आणि चेंडू सुतळी ओलांडून भिंतीला न शिवता थांबला पाहिजे अशी पैज स्वतःशी लावावी. फरशी हिरवळीहून गुळगुळीत असते हे खरे; पण हाताला वेगाचे मोजमाप कळू लागते, आणि ते एकदा कळले की पृष्ठभाग बदलला तरी दोन-चार चेंडूंत जुळवून घेता येते. दिशेसाठी फरशीच्या सांध्याइतकी सरळ रेषा आणखी कोठे मिळणार? आपल्याकडच्या उष्ण हवेत हिरवळीवर बहुधा बर्म्युडा जातीचे गवत असते, आणि त्याच्या पात्यांचा एका बाजूस झुकण्याचा कल असतो. गवत चकाकते दिसले तर ते आपल्यापासून दूर झुकले आहे आणि चेंडू जोरात जाईल, काळपट दिसले तर आपल्याकडे झुकले आहे आणि चेंडू रखडेल.

वाळूच्या खड्ड्याचे भय अकारण आहे. तेथे चेंडूला मारावयाचेच नसते; चेंडूच्या मागे सुमारे दोन इंचांवर वाळूत काठी घालून वाळूसकट त्याला बाहेर काढावयाचे असते. जीन साराझेन याने १९३२ च्या सुमारास या कामासाठी तळाशी जाड केलेली काठी रूढ केली, जिची बुडाकडील फुगीर कड वाळूत रुतण्याऐवजी घसरत पुढे जाते. काल्हेरच्या खाडीतली रेती ज्यांनी फावड्याने उपसली आहे त्यांना फावडे सपाट धरणे आणि उभे खुपसणे यांतील फरक सांगायला नको. पाते थोडे उघडे, मारा थांबू न देता पूर्ण, बस्स.

पावसाळ्याचे प्रकरण मात्र वेगळे, आणि कोकणपट्टीत ते चार महिन्यांचे. भिजलेल्या जमिनीवर चेंडू टेकला की घरंगळत नाही, तेव्हा नेहमीपेक्षा एक पायरी लांब पल्ल्याची काठी घ्यावी. चेंडूला चिखल चिकटला असेल तर त्याच्या अंगावरचे तीन-चारशे खळगे एका बाजूने बुजतात. हे खळगे शोभेचे नाहीत. त्यांच्यामुळे हवेचा पातळ थर चेंडूला अधिक वेळ बिलगून राहतो आणि मागची ओढ घटते, नाहीतर अगदी गुळगुळीत चेंडू निम्म्या अंतरातच खाली येईल. एका बाजूस चिखल असलेला चेंडू बहुधा दुसऱ्या बाजूस वळतो; हिरवळीवर पोहोचल्यावर तो उचलून पुसण्यास मात्र पूर्ण परवानगी आहे.

आणि परवानग्यांचा विषय निघालाच आहे तर नियमांचे पुस्तक एकदा मनापासून वाचावे, कारण त्यातील निम्मी कलमे खेळणाऱ्याच्या बाजूची आहेत. सोळाव्या कलमाप्रमाणे पावसाच्या साचलेल्या पाण्यातून, किंवा मऊ जमिनीत स्वतःच्याच आघाताने रुतलेल्या ठिकाणातून, चेंडू दंडाशिवाय हलवता येतो. एकोणिसावे कलम झुडपात अडकलेला चेंडू एका दंडाच्या मोबदल्यात सोडवण्याचे तीन मार्ग देते. २०१९ च्या सुधारणेपासून हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली आहे आणि चेंडू खांद्याऐवजी गुडघ्याच्या उंचीवरून सोडावयाचा असतो. झुडपात घुसून तीन फटके वाया घालवणाऱ्या आणि मग कपाळावरचा घाम पुसणाऱ्या गृहस्थांना एकोणिसावे कलम ठाऊक असते तर त्यांचा दंड एकावरच भागला असता.

राहता राहिला डावपेचाचा भाग, आणि तो माझ्या वहीच्या पाचव्या रकान्यातून निघाला आहे. समोर पाणी असेल आणि ते ओलांडण्यास आपला आयुष्यातील सर्वोत्तम फटका लागणार असेल, तर तो फटका आज लागेल असे गृहीत धरण्यास कोणता आधार आहे, असे स्वतःस विचारावे. जामीन मिळत नसेल तर अलीकडे चेंडू टाकून पुढचा फटका सोपा करावा. झेंडा हिरवळीच्या कडेला असला तरी रोख हिरवळीच्या मध्यावर धरावा. २०२० पासून जगभर एकच असलेल्या हँडिकॅपच्या पद्धतीत शेवटच्या वीस खेपांतील उत्तम आठ खेपांवरून आपली सूट ठरते आणि ती ५४ पर्यंत मिळू शकते, म्हणजे सरकारदरबारी आपल्या कच्चेपणाची रीतसर नोंद होऊन त्याची भरपाईही मंजूर झालेली असते. मग गलीगणिक पराक्रम गाजवण्याची आवश्यकता काय? ज्याला प्रत्येक गलीवर दोन-तीन अधिक फटक्यांची मुभा आहे त्याने चार फटक्यांची नेमलेली गल सहा-सात फटक्यांत शांतपणे पुरी केली तर त्याचे काहीच बिघडत नाही.

वही लावल्यापासून दीड वर्षाने माझे फटके एकशे दोनवर आले आहेत. यांतले हिरवळीवरचे चौतीस आणि दंडाचे चार. लांब फटका पूर्वी होता तसाच आहे. खारघरला जाणार असाल तर कामतघरहून पहाटे पाचला निघा, कारण उन्हे चढल्यावर शेवटच्या सहा गली माणसाला नकोशा होतात. जुने चेंडू डझनभर घ्या, पाणी भरपूर घ्या, आणि वहीबरोबर पेन्सिल घ्या, शाई घामाने पसरते. पहिल्या नऊ गलींत दंडाचा रकाना कोरा राहिला, तर मला अवश्य कळवावे.